एका कॉम्प्युटरवरची दोन खाती

टेकचंद सेठच्या कारखान्यात नवीन गिऱ्हाईक आलं की आधी मशीनकडे बघायचं, मग कोपऱ्यातल्या टेबलामागे बसलेल्या तुळशीकडे बघायचं आणि सेठला विचारायचं, "पंचर किधर है?"

"ये क्या, सामने बैठी है," सेठ म्हणायचा. "इसने बनाया हुआ लोगो कपडा फट जायेगा, पर नहीं निकलेगा, साईं."

तुळशी मान खाली घालून हसायची. मनातून तिला ते फार आवडायचं.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, खाली बांगड्यांची आणि पडद्याच्या कापडाची दुकानं असलेल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर सेठचं बारा हेडचं, म्हणजे एका वेळी बारा कपड्यांवर भरणारं, एम्ब्रॉयडरी मशीन होतं. शाळेच्या शर्टावरचं चिन्ह, कंपनीच्या टोपीवरचं नाव, जीन्सच्या मागच्या खिशावरची वेलबुट्टी, सगळं त्यावर निघायचं. पण मशीनला चित्र समजत नाही, टाकेच समजतात. पहिला टाका कुठे पडायचा, दोरा कुठल्या दिशेने जायचा, किती दाट, कुठे तोडायचा, हे चित्राकडे बघून कुणीतरी कॉम्प्युटरवर एकेक करून ठरवावं लागतं. त्या कामाला पंचिंग म्हणतात आणि करणाऱ्याला पंचर. कॅम्प दोनमध्ये पंचर म्हणजे पुरुषच. तुळशी एकटी बाई.

ती तिथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिचं काम तयार मालाचे लोंबणारे दोरे कापायचं होतं. माहेर बदलापूरच्या पलीकडे खेड्यात, भातशेतीचं, दहावी झालेली. दोरे कापता कापता तिच्या लक्षात यायचं की अमुक एका चिन्हापाशी दोरा दर वेळी तुटतो, आणि ते ती जुन्या पंचरला सांगायची. तो आधी चिडला, मग ऐकू लागला, मग जेवणाच्या सुट्टीत तिला कॉम्प्युटरवर बसवू लागला. तो सुरतेला गेला तेव्हा सेठने नवा माणूस शोधलाच नाही. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. मधे तिचं लग्न झालं, अंबरनाथच्या एका कंपनीत कंत्राटावर फिटर असलेल्या बबन म्हसकरशी. बदलापूरच्या शिरगावात चाळीसारख्या दोन खोल्या सोडून दोघांनी इमारतीत घर घेतलं. मूल झालं नाही. त्याबद्दल लोक बोलले, मग बोलायचे थांबले. तुळशी सकाळी डबा घेऊन निघायची आणि दिवसभर टाक्यांत असायची.

लॉकडाऊन उठल्यावर सेठने वर्षभर रेटलं. मग एका गुरुवारी मशीन विकायला काढलं. खिडकीची चौकट तोडून, दोर लावून ते खाली उतरवलं. सेठ खुर्ची टाकून रस्त्यावर बसला होता. तुळशीला म्हणाला, "बेटा, वो कंप्युटर तू ले जा. सॉफ्टवेअर के साथ. मेरे को अभी उसका क्या करना है?"

रिक्षात मांडीवर मॉनिटर धरून तुळशी घरी आली.

*

ऑनलाइन काम मिळतं हे तिला सांगितलं अनुयाने. अनुया बबनच्या मोठ्या भावाची मुलगी, ठाण्याला एका कंपनीत नोकरीला, समजूतदार. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली, आणि जेवणं झाल्यावर काका-काकूंना शेजारी बसवून तिने तीन बाजार दाखवले.

पहिला होता कामधन. देशी. आधी नाव नोंदवायची फी, मग प्रशिक्षणाची फी, मग काम.

"हे सोडा," अनुया म्हणाली. "काम देणारा आधी पैसे मागत नाही."

दुसरा नीडलयार्ड. परदेशातला, फक्त भरतकामाचा. तिथे पंचर मोजकेच घेत होते. भाव ठरलेले, गिऱ्हाईक जाणकार. पण आधी परीक्षा. त्यांनी पाठवलेलं चित्र पंच करायचं, खऱ्या मशीनवर काढायचं आणि कापडाचे पुढून-मागून फोटो पाठवायचे. मग ते तपासणार, दोन-तीन महिन्यांनी कळवणार.

तिसरा बिडोमा. सगळ्या जगाचा बाजार. भाषांतरापासून लग्नपत्रिकेपर्यंत काहीही. आज खातं उघडा, आजपासून काम मागा. गिऱ्हाईक काम टाकणार आणि करणारे बोली लावणार.

"काकू, मला विचाराल तर नीडलयार्ड," अनुया म्हणाली. "थांबावं लागेल, पण तुमचं काम कळणारी माणसं तिथे आहेत."

"मशीन कुठून आणू? होतं ते सेठने विकलं."

"कुणाकडे तरी एक पीस काढून घेऊ ना."

बबन इतका वेळ लॅपटॉपकडे बघत होता. तो म्हणाला, "भाजी घेऊन बसायचं तर माणूस स्टेशनाबाहेर बसतो. आडगल्लीत बसून गिऱ्हाइकाची वाट बघत नाय. एवढी दुनिया बिडोमावर येते, तिथेच बसायचं."

"काका, तिथे गर्दी आहे. पण ती विकणाऱ्यांची आहे."

तुळशीने दोघांचं ऐकलं. तिला अनुयाचं पटत होतं. पण तीन महिने थांबायचं म्हणजे तीन महिने सकाळी उठून कुठेच जायचं नाही, आणि घरी बसल्यापासून तिला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती. मशीन विकल्याला पंधरा दिवस झाले होते आणि ती दुपारी उगीच डबे घासून काढत होती.

"बिडोमाच उघड," ती म्हणाली.

पुढे कित्येकदा तिने हा रविवार मनात पुन्हा मांडून बघितला. प्रत्येक वेळी ती तेच म्हणाली असती.

*

अनुयाचं म्हणणं महिनाभरात खरं ठरलं. टोपीवर एक कुत्रा काढून हवा, असं कुणी लिहिलं की तासाभरात शंभर जण धावायचे. कुणी बांगलादेशातला, कुणी पाकिस्तानातला, कुणी सुरतेचा. त्यातले निम्मे पंचरही नव्हते. चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, एक बटण दाबायचं, येईल ते पाठवायचं. तुळशीने भाव उतरवला. मग आणखी उतरवला. अनुयाने इंग्रजीत लिहून दिलेला मजकूर ती प्रत्येक ठिकाणी चिकटवायची, आणि पलीकडून काहीच यायचं नाही. नकारसुद्धा नाही. सेठच्या दुकानात निदान कुणी "नको" म्हणालं तर त्याचं तोंड दिसायचं.

चौथ्या महिन्यात लॉरेन नावाच्या बाईने तिला निवडलं. लॉरेन कॅनडातल्या एका लहान गावात टोप्या आणि जॅकेटं विकायची. तिच्या टोपीवर होडीचं चित्र होतं आणि आधीच्या दोन पंचरांनी ते बिघडवलं होतं. मधेच कापडाला चुणी पडत होती. तुळशीने फोटो बघितला आणि तिला दोष लगेच दिसला. त्यांनी होडी डावीकडून उजवीकडे काढत नेली होती. टोपीचं कापड फुगीर असतं. त्यावर मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जायचं आणि खालून वर चढायचं, नाहीतर कापड पुढे ढकललं जाऊन गोळा होतं. तिने फाइल नव्याने केली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तीन ओळी लिहून ते का केलं तेही कळवलं.

दोन दिवसांनी सकाळी चहा गाळताना फोन वाजला. फोटो होता. टोपीवर होडी सपाट, नीट बसलेली. खाली लॉरेनने लिहिलं होतं. अनुयाला पाठवून तिने त्याचा अर्थ विचारला, तेव्हा अनुयाने फोनच केला. "काकू, ती म्हणते, तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी टोपी म्हणजे काय ते समजावलं."

लॉरेनने पाच तारे दिले आणि चार ओळींचा अभिप्राय लिहिला. मग तिने दुसरं काम दिलं, तिसरं दिलं. तो अभिप्राय वाचून दुसरे आले. दीड वर्षात तुळशीच्या नावापुढे दोनशेच्या वर अभिप्राय जमले. बिडोमाने तिच्या नावापुढे एक सोनेरी पट्टी लावली. आता ती बोली लावत नव्हती, लोक नाव शोधत येत होते. बबनचं कंत्राट एकदा मधेच तुटलं तेव्हा त्या पाच महिन्यांत घर तिने चालवलं आणि कुणाला कळलंही नाही.

ती दुपारी कधी कधी काम थांबवून ते अभिप्राय वरपासून खालपर्यंत वाचत बसायची. आता इंग्रजी बरंच कळत होतं. वीस वर्षं सेठच्या दुकानात तिने पंच केलेली चिन्हं हजारो मुलांच्या खिशांवर फिरली, पण त्यावर तिचं नाव कुठे नव्हतं. इथे होतं. तुळशी एम. आणि खाली लोकांनी लिहिलेलं.

*

यशोधराताई आली ती चैत्रात, भर दुपारी.

यशोधराताई सेठच्या मशीनवर ऑपरेटर होती. तुळशीने फाइल करायची आणि यशोधराताईने मशीनवर चढवायची, दोरे ओवायचे, कुठे अडलं तर हाक मारायची. वयाने दहा वर्षांनी मोठी. राहायला कॅम्प चारला, टेकडीवर. पहिल्या दिवसांत तुळशी डबा न आणता आली की आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिनेच पुढे केली होती. मशीन गेल्यावर ती एका फरसाणच्या कारखान्यात पाकिटं भरायला जात होती. तिथे उभं राहून पाय सुजायचे. नवऱ्याला पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, त्याला दिवसभर घरी एकटं ठेवावं लागायचं.

"तुळशे, मला शिकव," ती बसल्या बसल्या म्हणाली. "मला टाके कळतात. फक्त कॉम्प्युटर नाही कळत."

"ये की. रोज ये."

ती रोज आली. फरसाणचा कारखाना सोडून आली. सकाळी नवऱ्याचं आवरून दहाला यायची, चारला जायची. मशीनवर वीस वर्षं घालवलेल्या बाईला कुठला टाका कसा पडेल हे सांगावं लागत नव्हतं. फक्त माउस हातात घट्ट धरायची, सशाची मान धरल्यासारखा. दोन महिन्यांत ती साधी नावं, साधी चिन्हं करू लागली. तुळशीकडे काम जास्त झालं की ती यशोधराताईला द्यायची. पण यशोधराताईलाच ते बरं वाटेना.

"हे तुझं काम आहे," ती म्हणाली. "मी किती दिवस तुझ्या ताटात जेवू? मला माझं खातं काढून दे. पडला भाव तर पडला."

तुळशीने एका दुपारी, स्वतःच्याच कॉम्प्युटरवर, यशोधराताईचं खातं उघडलं. फोटो काढला, मजकूर लिहिला. पहिलं गिऱ्हाईक मिळायला चार महिने लागतात हे तिला माहीत होतं. म्हणून एका जुन्या गिऱ्हाइकाला तिने कळवलं, की माझी एक सहकारी आहे, हे काम तिला द्या, मी जबाबदार. त्याने दिलं. यशोधराताईने त्याच टेबलावर बसून काम केलं, पाठवलं. तीन तारे आले, पण आले. दोघींनी वडे मागवून खाल्ले.

नवव्या दिवशी सकाळी तुळशीने कॉम्प्युटर लावला आणि खात्याच्या जागी एक पांढरा चौकोन आला.

तिला वाटलं इंटरनेट गेलं. बंद करून पुन्हा लावला. पांढरा चौकोन. त्यात लिहिलं होतं की एकाच व्यक्तीने एकाच उपकरणावरून अनेक खाती चालवल्याचं आणि एका खात्यातून दुसऱ्याला काम वळवल्याचं आढळलं आहे. दोन्ही खाती कायमची बंद करण्यात आली आहेत.

तिने ते अनुयाला पाठवलं. अनुयाचा जेवणाच्या सुट्टीत फोन आला.

"काकू, यशोधरामावशींचं खातं तुमच्याच कॉम्प्युटरवरून उघडलंत?"

"मग कुठून उघडणार? तिच्याकडे कुठाय कॉम्प्युटर?"

अनुयाने त्यातलं "एकाच उपकरणावरून" एवढंच पुन्हा वाचून दाखवलं.

"अगं, आम्ही दोघी वेगळ्या बायका आहोत ना. आधार कार्ड पाठवते दोघींचं. फोटो पाठवते. त्यांना सांग ना तसं."

"सांगूया," अनुया म्हणाली. तिच्या आवाजावरूनच तुळशीला कळलं.

*

दाद मागायला एक खिडकी होती. तुळशीने लिहिलं. उत्तर आलं, नमस्कार, मी एमी, तुमची अडचण मी समजू शकते. आणि खाली तोच पांढऱ्या चौकोनातला मजकूर. तिने दोघींची आधार कार्डं जोडली. उत्तर आलं, नमस्कार, मी ब्रायन. तोच मजकूर. तिने दोघी शेजारी उभ्या राहून काढलेला फोटो पाठवला, एकीची वेणी पांढरी, एकीची काळी, मागे टेबल, कॉम्प्युटर. नमस्कार, मी एमी. सातव्या पत्रानंतर खिडकीच बंद झाली.

"ह्यांचं ऑफिस कुठाय?" बबनने विचारलं. "मुंबईत आहे का? जाऊन उभं राहू."

ऑफिस कुठेच नव्हतं. म्हणजे असेल कुठेतरी, समुद्रापलीकडे, पण दार नव्हतं. सेठच्या दुकानात कुणाशी वाकडं आलं तर चार माणसं मधे पडायची. शेजारचा बटणवाला यायचा, खालचा चहावाला यायचा, दोन्हीकडून थोडं थोडं सोडून मिटायचं. इथे मधे पडायला कुणी नव्हतं.

दोनशे अभिप्राय दुसऱ्या बाजारात नेता येत नाहीत, हे तिला तेव्हा कळलं. ते तिचे नव्हतेच. बिडोमाच्या पाटीवर खडूने लिहिलेलं होतं, त्यांनी पुसलं. तिने कधी एकाचाही फोटो काढून ठेवला नव्हता.

आणि गिऱ्हाइकांचा पत्ता तिच्याकडे नव्हता. बाहेर संपर्क करायचा नाही हा बिडोमाचा नियम तिने इमानेइतबारे पाळला होता. लॉरेनने दोनदा स्वतःहून नंबर विचारला होता आणि तुळशीने दोनदा नम्रपणे नाही म्हटलं होतं. पण लॉरेनच्या दुकानाचं नाव तिने कितीदा तरी टाक्यांत काढलं होतं. ते नाव टाकून तिने दुकान शोधलं. त्या गावचा रस्ता, दाराबाहेर टांगलेली टोपी. टोपीवर तिची होडी होती. तिने पत्र लिहिलं. सगळं जसं झालं तसं लिहिलं, अनुयाला न दाखवता, आपल्या इंग्रजीत.

आठवड्याने उत्तर आलं. लॉरेनने लिहिलं होतं की ऐकून तिला मनापासून वाईट वाटलं. तिला वाटलं होतं, तुळशी काम सोडून गेली. आता तिने दुसरा माणूस धरला आहे. तो तितका चांगला नाही, पण बरा आहे. शिवाय बाहेरून व्यवहार केला तर तिचंही खातं बंद होईल आणि दुकानाची बाकीची सगळी कामंही ती त्याच बाजारातून करून घेते. तुमच्या होड्या अजून विकल्या जातात, असं शेवटी लिहिलं होतं. चांगल्या मनाने लिहिलं होतं.

तुळशीने ते पत्र एकदाच वाचलं.

यशोधराताई त्या काळात येतच राहिली. सकाळी दहाला यायची आणि कॉम्प्युटरच्या खोलीत न जाता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसायची, लसूण सोलायची. एक दिवस म्हणाली, "मी आलेच नसते तर बरं झालं असतं."

तुळशीला म्हणायचं होतं, असं नको म्हणूस. ते शब्द तोंडापर्यंत आलेही. पण त्या क्षणी तिच्या मनात खरोखर तेच होतं, आणि यशोधराताईने तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने सोललेला लसूण ताटलीत सरकवला, हात धुतले, चपला घातल्या.

"बस की, चहा टाकते," तुळशी म्हणाली.

"नको. ह्यांची गोळीची वेळ झाली."

ती पुन्हा आली नाही. फरसाणवाल्याने तिला परत घेतलं नाही, असं तुळशीला पुढे कुणाकडून तरी कळलं. फोन करावा असं तिला रोज वाटायचं. काय बोलायचं ते सुचायचं नाही. मग दिवस इतके झाले की फोन का केला नाही हेच आधी सांगावं लागलं असतं.

*

पावसाळा संपता संपता अनुयाने पुन्हा नीडलयार्डचं काढलं. तुळशीला उत्साह नव्हता. पण अनुयाने एवढं मनावर घेतलं होतं की नाही म्हणवेना. नीडलयार्डने परीक्षेचं चित्र पाठवलं. फांदीवर बसलेला पक्षी, अकरा रंग, पिसांत पिसं. तुळशीने त्यावर चार दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ती जेवण विसरली, आणि बबनने संध्याकाळी येऊन झाकलेलं ताट बघितलं तेव्हा त्याला कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

एक पीस काढायला ती कॅम्प दोनला गेली. सेठच्या पहिल्या मजल्यावर आता मोबाईलच्या कव्हरांचं गोदाम होतं. दोन गल्ल्या पलीकडे एकाकडे चार हेडचं मशीन चालू होतं. मालकाने आधी टाळलं, मग टेकचंद सेठचं नाव ऐकून तयार झाला. पक्षी निघायला पाऊण तास लागला. मशीनवरचा माणूस हात बांधून उभा राहिला आणि शेवटचा दोरा तुटल्यावर म्हणाला, "ताई, एक भी धागा नहीं टूटा." मालकही उठून आला. त्याने कापड उलटं करून मागची बाजू बघितली. जाणकार माणूस मागची बाजू बघतो.

"कितने सालों से कर रही हो?"

"बीस-बाईस."

"अभी ये सब कौन मांगता है," तो म्हणाला आणि कापड तिच्या हातात दिलं.

फोटो गेले. अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. काम उत्कृष्ट आहे, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. पण गेल्या वर्षापासून आमच्याकडे आपोआप पंचिंग करणारी यंत्रणा आली आहे, त्यामुळे नवीन पंचर घेणं थांबवलं आहे. आपलं नाव प्रतीक्षायादीत ठेवत आहोत.

"गेल्या वर्षापासून," तुळशी म्हणाली.

अनुया शेजारी बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, त्या रविवारी मी जरा जास्त अडून बसायला हवं होतं."

"तेव्हा गेले असते तर आत्ता काढलं असतं त्यांनी. आतल्यांनाही काढतीलच." तुळशीने कॉम्प्युटर बंद केला. "तू नको रडू. तुला उद्या ऑफिस आहे."

त्यानंतरचे दोन महिने तिला नीट आठवत नाहीत. ती आजारी नव्हती. उठायची, बबनचा डबा करायची, मग पलंगावर बसून राहायची. समोरच्या इमारतीत प्लास्टर चाललं होतं, त्याकडे बघायची. शेजारणी आल्या की दार उघडायची, हो-नाही म्हणायची. एक दिवस बबनच्या गणवेशाचा खिसा उसवला म्हणून तिने सुई ओवली आणि हातात धरून बसली. तो आला तेव्हा सुई हातातच होती.

"तुळशे," तो तिच्यासमोर खाली बसून म्हणाला, "मीच म्हटलं होतं, बिडोमावर बस. माझंच चुकलं."

"कुणाचं चुकलं असतं तर बरं होतं हो," ती म्हणाली.

*

आता ती अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीच्या बाजूला एका गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये जाते. बबनच्या ओळखीने लागली. तयार शर्ट तपासायचे. काज, बटण, कॉलर, खिसा. दिवसभर उभं राहून. मालक तरुण आहे, वाईट नाही. ती पूर्वी काय करायची हे तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात एका शाळेची मोठी ऑर्डर आली. खिशावर मोराचं चिन्ह. शर्ट तिच्या टेबलावर येऊ लागले आणि तिने पहिला उचलताच बाजूला ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. मोराभोवती कापड गोळा झालं होतं. टाके नको तितके दाट होते आणि खालचा आधाराचा टाकाच दिला नव्हता.

मालक आला. "काय झालं? एवढे रिजेक्ट?"

"शिलाई बरोबर आहे. पंचिंग चुकलंय. फाइल बदलायला पाहिजे."

"तुम्हाला काय माहीत?"

तुळशीने शर्ट उलटा केला आणि बोट ठेवून दाखवलं, इथे, इथे आणि इथे. मालक ऐकत राहिला. मग त्याने सांगितलं की फाइल ऑनलाइन मागवली होती, बिडोमावरून, सगळ्यात कमी बोली होती त्याच्याकडून.

"तुम्हाला येतं का हे?" त्याने विचारलं.

"येतं. घरी कॉम्प्युटर आहे. उद्या फाइल देते."

ती संध्याकाळी घरी गेली, कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं आणि मोर केला. बऱ्याच दिवसांनी हात टाक्यांवर फिरत होता. पिसाऱ्याला तिने आतून बाहेर दिशा दिली. बबन दारात उभा राहून बघत होता. तिला ते ठाऊक होतं, पण वळून बघितलं नाही.

सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन ती केबिनमध्ये गेली. मालक फोनवर होता. त्याने हातानेच थांब म्हटलं. मग फोन ठेवून म्हणाला, "अहो म्हसकरताई, झालं ते काम. रात्रीच त्या माणसाने दुसरी फाइल पाठवली. फुकट. त्याला म्हटलं, एक तारा देईन. घाबरला. तीनदा सॉरी लिहिलं."

"बघू का एकदा?" तुळशी म्हणाली.

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. फाइल आधीपेक्षा बरी होती. चांगली नव्हती. बाजूला त्या माणसाचा फोटो होता. तिशीतला, कुठल्याशा गावचा, भिंतीला टेकून उभा. नावापुढे एकोणीस अभिप्राय.

"चालेल का?" मालकाने विचारलं.

बोट ठेवून तीन चुका दाखवता आल्या असत्या. तिने त्या माणसाच्या फोटोकडे बघितलं.

"चालेल," ती म्हणाली. "त्याला चांगलं लिहा."

"लिहितो. बरं, तुमची ती फाइल…"

"राहू द्या."

ती टेबलापाशी आली. शर्टांचा ढीग कमरेएवढा झाला होता. सुपरवायझर बाईने घड्याळाकडे बोट दाखवलं. तुळशीने वरचा शर्ट घेतला, कॉलर बघितली, काज बघितलं, बटण ओढून बघितलं आणि उजवीकडे ठेवला.